आठ पोत्यांचा हिशेब

मुंबईची तहान भागविणारा तालुका म्हणून शहापूरची ओळख आहे. भातसा, तानसा ही नावे मुंबईकरांच्या परिचयाची आहेत. मात्र शेणवा परिसरात आणि पुढे मुरबाड तालुक्यात भातखाचरांच्या कडेला दिसणाऱ्या लांबट, जाळीच्या शेडही महानगराची एक गरज भागवितात, याची जाणीव थोड्यांनाच असते. खरिपाचे भात निघाल्यावर ज्यांच्या शेताला पाणी उरत नाही, अशा कुटुंबांना ब्रॉयलर कोंबडीपालनाचा आधार वाटतो.

लहान शेतकरी हा व्यवसाय बहुधा कराराने करतो. पिले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. पक्षी विकले गेले की किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. तो उत्पादनखर्चाशी जोडलेला असल्याने शेजारशेजारच्या दोन शेडमध्ये एकाच दिवशी आलेली सारखी पिलेही वेगवेगळी कमाई देऊन जातात. असे का व्हावे?

याचे उत्तर खाद्यात आहे, कारण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. एक किलो वजन वाढण्यास किती किलो खाद्य लागले, या गुणोत्तरास ‘एफसीआर’ म्हणतात. एक हजार पक्षी सरासरी दोन किलोचे झाले आणि एफसीआर १.६ राहिला, तर ३,२०० किलो खाद्य लागते. तोच १.८ झाला, तर ३,६०० किलो. म्हणजे ५० किलोची आठ पोती अधिक, आणि मांस मात्र तेवढेच!

ही आठ पोती जातात कोठे? त्यांची सुरुवात पहिल्याच आठवड्यात होते. जेमतेम ४० ग्रॅमच्या पिलास स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. ब्रूडरखाली प्रारंभी सुमारे ३३ अंश ऊब लागते. पुढे ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करावयाची असते. पिले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, दूर कडेला पळाली तर उकाडा, सर्वत्र सारखी पसरली तर तापमान योग्य, ही साधी खूण आहे. थंडीने आखडलेले पिलू खाणे सोडते आणि मागे पडते ते अखेरपर्यंत.

दुसरी बाब गादीची. भाताच्या तुसाची गादी पावसाळ्यात ओलावते, विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो आणि रक्ती हगवणीस वाव मिळतो. सरी आत येऊ नयेत म्हणून पडदे पूर्ण बंद केले, तर हा वायू आतच कोंडतो. म्हणून पडदा वरच्या बाजूने थोडा उघडा ठेवणे, गादी रोज खालीवर करणे आणि गळक्या पाणीभांड्यांकडे लक्ष देणे आवश्यक ठरते. उन्हाळ्यात याउलट, भर दुपारी खाद्य उचलून थंड पाणी पुरवावे लागते.

तिसरी बाब रिकाम्या शेडची. एक बॅच गेल्यावर शेड धुऊन, चुना मारून दहा-पंधरा दिवस मोकळी ठेवली, तर रोगजंतूंची साखळी तुटते. घाईने पिले टाकणाऱ्यास ते दिवस वाचल्यासारखे वाटतात. पुढे मरतुकीत त्यांची भरपाई करावी लागते.

रोगाचा फटका मात्र एकट्याला बसत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातीलच वेहळोली येथे सुमारे शंभर कोंबड्या दगावल्या व बर्ड फ्लूचे निदान झाले. तेव्हा एक किलोमीटर परिसरातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले. दारातील जंतुनाशकाचे पायदान आणि बाहेरच्यांना मज्जाव या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी सबंध गावाशी निगडित आहेत, त्या अशा.

पिलांची जात, खाद्याचा दर्जा किंवा बाजारभाव लहान शेतकऱ्याच्या हाती नाही. ऊब, हवा, कोरडी गादी आणि रोजच्या वजनाची, खाद्याची व मरतुकीची वहीतील नोंद एवढेच त्याच्या हाती आहे. आठ पोत्यांचा हिशेब तेथेच जुळतो.