बालकांचा शेतमुक्काम : येळवशीच्या निमित्ताने

मार्गशीर्ष अमावस्या जवळ आली की लातूर जिल्ह्यातील घराघरांत आंबिलाचे माठ धुतले जाऊ लागतात. पंचांगातील दर्शवेळा अमावस्या ही लोकांच्या तोंडी 'येळवस' होते. लातूर, धाराशिव, नांदेडचा लातूरला लागून असलेला भाग आणि सीमेपलीकडील बिदर-कलबुर्गीचा मुलूख या दिवशी शेतात लोटतो. बाजारपेठा ओस पडतात, दवाखान्यात रुग्ण फिरकत नाही. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्यालाही कोणीतरी आग्रहाने बोलावतोच. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी-आंबिलाच्या पंगती बसतात, मुले झाडाला झोका बांधतात. दिवेलागणीला गवताचा पेटता हेंडगा शेताभोवती फिरवला की सण संपतो.

सहकुटुंब निसर्गात जाण्याची एवढी सोपी आणि एवढी सार्वत्रिक वहिवाट आपल्याकडे असताना, मुलांना घेऊन कोठे जावे, हा प्रश्न आपल्याला पडू नये. तरीही तो पडतो. लहान मुलांच्या माता दवाखान्यात हमखास म्हणतात, "वैद्यबुवा, ह्याला बाहेर नेलं की लगेच सर्दी होते." मग तीन-चार वर्षांचे मूल येळवशीलाही मोटारीतच बसवून ठेवले जाते आणि जेवण झाले की परत आणले जाते. या प्रश्नाकडे वैद्य म्हणून कसे पाहावे, याविषयी चार अनुभव आणि काही सूचना आम्ही येथे मांडत आहोत.

शास्त्र काय सांगते?

बालकाने घरातच राहावे, असे आपले शास्त्र सांगत नाही. चौथ्या महिन्यात निष्क्रमण संस्कार करून बालकाला घराबाहेर आणावे, असा परिपाठ आहे. सुश्रुताने शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बालकाला कोठे सोडू नये, हे सांगताना अशुची जागा, उघडे आकाश, उंचसखल भूमी, ऊन, वारा, पाऊस, धूळ, धूर आणि पाणी यांची नावे घेतली आहेत. हे वचन मुलांना घरात ठेवण्यासाठी पुष्कळदा पुढे केले जाते. परंतु तेथील क्रियापदाकडे लक्ष द्यावे. सुश्रुत 'नेऊ नये' असे म्हणत नाही, 'सोडू नये' असे म्हणतो. राखणीवाचून सोडण्याचा तो निषेध आहे, असे आमचे नम्र मत आहे.

चरकाने खेळण्यांविषयी लिहिताना ती विविध रंगरूपाची, आवाज करणारी, मन रमवणारी, हलकी, टोकदार नसलेली, तोंडात न जाणारी, प्राणाला अपाय न करणारी आणि बालकाला न घाबरवणारी असावीत, असे सांगितले. हीच कसोटी शेताला लावावी. ज्वारीचे ताट, चिंचेचा आकडा, मातीचा बैल ही खेळणी या कसोटीस उतरतात. बोराची आठळी, शेंगदाणा आणि हरभऱ्याचा कोरडा दाणा मात्र उतरत नाहीत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ते देऊ नयेत.

ऋतूही अनुकूल असतो. हेमंतात अग्नी बलवान असतो आणि स्निग्ध, अम्ल, लवण आहार हितकर सांगितला आहे. येळवशीचे ताट पाहावे. तिळाची पोळी, तूप घातलेली गव्हाची खीर, तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या घालून शिजवलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाची ताकातील आंबील. आपल्या पूर्वजांनी ऋतुचर्या ताटातच वाढून ठेवली आहे. फक्त आंबील फार आंबू देऊ नये. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ती कळकते, म्हणून मातीचा माठच बरा. खोकला असलेल्या मुलाला ती दुपारी थोडीशी द्यावी, सूर्यास्तानंतर देऊ नये.

एका मुक्कामाची गोष्ट

आम्ही चार वैद्य कुटुंबे गेली काही वर्षे येळवशीच्या रात्री घरी न परतता चाकूर तालुक्यातील एका स्नेह्यांच्या शेतावर मुक्काम करतो. सोबत दोन राहुट्या, बाजा, घोंगड्या आणि तीन ते नऊ वर्षांची सात मुले असतात. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, या भागातील असंख्य कुटुंबे कित्येक आठवडे घराबाहेर झोपली. त्या वेळी आम्ही विद्यार्थी होतो. ती उघड्यावरची झोप भयाची होती. आपल्या मुलांना आकाशाखालची झोप आनंदाची म्हणून मिळावी, एवढीच आमची इच्छा होती.

पहिल्याच वर्षी मात्र आम्हाला धडा मिळाला. खोपीत मांडण्यासाठी दगड आणायला गेलेल्या चार वर्षांच्या मुलाने दगड उचलला आणि त्याखालच्या लाल विंचवाने त्याच्या बोटाला नांगी मारली. मूल कळवळले. आम्ही चौघेही वैद्य. एकाने लेप सुचवला, दुसऱ्याने पोटात देण्याचे औषध सुचवले, शेजारच्या शेतातील एक वृद्ध गृहस्थ उतारा जाणणाऱ्याला बोलावतो म्हणाले. या चर्चेत जवळजवळ पाऊण तास गेला. तोवर मुलाला दरदरून घाम फुटला, दोन उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. मग आम्ही भानावर आलो आणि त्याला रुग्णालयात नेले. तेथे प्राझोसिनची गोळी दिली गेली, रात्रभर देखरेख झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मूल हसत परतले.

हे औषध विंचूदंशावर रूढ करण्याचे श्रेय आपल्याच मराठवाड्याच्या सुपुत्राकडे जाते. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे १९८० च्या दशकात प्राझोसिनचा वापर करून विंचूदंशाने होणारे मृत्यू रोखता येतात, हे दाखवून दिले. हे आम्हाला ठाऊक होते. तरीही पाऊण तास गेला. त्या मुलाच्या आईने आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही, म्हणून तो पाऊण तास आम्हाला अधिक बोचतो. अगदतंत्राचा अभिमान बाळगावा, त्याचा अभ्यासही करावा. परंतु आपल्या चिकित्सेची सीमा कोठे आहे हे वेळेवर ओळखणे, हाही वैद्याचाच गुण आहे.

शेतावर काय सांभाळावे?

त्या अनुभवानंतर आम्ही जे नियम केले, ते बहुतांशी सुश्रुताच्या यादीच्याच आधारे सांगता येतील.

उंचसखल भूमी : आपल्या काळ्या मातीला हेमंतात भेगा पडतात. त्यांत मुलांचे पाय अडकतात आणि विंचू-सापही आसरा घेतात. पायांत बंद बूट असावेत. दगड आणि कडब्याची पेंढी मोठ्यांनीच उचलावी, तीही काठीने हलवून.

पाणी : विहिरीचे भय सर्वांना असते, शेततळ्याचे नसते. शेततळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असते. ते ओले झाले की इतके निसरडे होते की पोहणाऱ्या प्रौढालाही वर येता येत नाही. शेततळे असलेल्या शेतात एका मोठ्या माणसाकडे मुले राखण्याचेच काम द्यावे. ते काम सर्वांचे म्हटले की कोणाचेच राहत नाही. पिण्याचे पाणी घरूनच उकळून न्यावे.

अशुची : या दिवसांत तुरीवर व हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारणी झालेली असते. हरभऱ्याची आंब बोटाने चाटण्याचा मोह मुलांना होतो. आपल्यालाही लहानपणी होत असे, आणि चणकाम्लाचा उपयोग आपण जाणतोच. परंतु शेवटची फवारणी केव्हा झाली, हे शेतमालकाला विचारल्याशिवाय शेंग किंवा पान तोंडात जाऊ देऊ नये. कीटकनाशकाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी पाण्यासाठी वापरू नयेत.

धूर व वारा : चुलीच्या धुराच्या दिशेला मुलांना बसवू नये. या दिवसांत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. सायंकाळी कोमट तिळतेलाने अभ्यंग, कान झाकणारी टोपी आणि सूर्यास्तापूर्वी गरम जेवण, एवढ्याने बहुतेक मुलांची रात्र सुखाची जाते.

निद्रा : मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करतो. हा दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणाले, त्याच्या पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, तर अजीर्ण समजून थांबू नये. म्हणून बाजेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. कडब्याच्या खोपीत कोणीही झोपू नये. सर्पदंशाची नुसती शंका आली तरी पट्टी आवळणे, चिरा देणे, चोखणे हे काहीही न करता, तो अवयव हलू न देता, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. ते रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. कुत्रा चावल्यास साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

वनस्पतींची ओळख

वैद्याच्या मुलांना शेतमुक्कामाचा एक लाभ इतरांहून अधिक मिळतो. चाकूर तालुक्यातीलच वडवळ नागनाथचे बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलांना तेथे नेतो. ओळख करून देताना आम्ही औषधींपासून नव्हे, विषांपासून आरंभ करतो. धोत्र्याचे काटेरी फळ, लालकाळी गुंज, कण्हेर, रुईचा चीक, एरंड व मोगली एरंडाच्या बिया. ही नावे आपण उपविषांच्या व विरेचनद्रव्यांच्या प्रकरणांत वाचतो, मुलांना ती बांधावरच भेटतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला अपाय होतो. 'पाहायचे, वास घ्यायचा, तोंडात घालायचे नाही', हा नियम सहा वर्षांचे मूलही पाळते. मात्र ते सांगताना भुताखेतांचे भय घालू नये. रडणाऱ्या अथवा न जेवणाऱ्या बालकाला घाबरवू नये, हे चरकाचेच सांगणे आहे.

दुसरा नियम मोठ्यांसाठी आहे. बेटावरील एकही वनस्पती मुळासकट उपटू नये. मुले आपल्याकडे पाहत असतात. आपण पिशवी भरून आणली, तर पुढच्या पिढीला तेथे दाखवायला काय उरणार?

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

येळवशीच्या आधीच्या आठवड्यात मुलांच्या औषधांसाठी पालक आपल्या दुकानात येतात. त्यांना जलसंजीवनीची पाकिटे, जंतुनाशक, कापूस, बँडेज, विजेरीचे सेल आणि ओव्याची पुरचुंडी एकत्र बांधून द्यावी. एका पाकिटाला एक लिटर पाणी, हे तोंडी सांगावे, कारण अर्धे पाकीट पेल्यात टाकण्याची सवय सर्वत्र दिसते. सोबत विंचू, साप आणि शेततळे यांविषयी चार ओळींची चिठ्ठी द्यावी, तिच्यावर जवळच्या रुग्णालयाचे नाव असावे. तिला छपाईचा खर्च नगण्य येतो.

आणि वैद्यमित्रांनो, "बाहेर नेलं की सर्दी होते" असे म्हणणाऱ्या मातेला यंदा नुसते औषध देऊन परत पाठवू नये. तिला येळवशीला शेतात जायला सांगावे, दिवसभर मुलाला मातीत खेळू द्यायला सांगावे, आणि काय सांभाळायचे तेही बसवून घेऊन सांगावे. आमच्या त्या चार वर्षांच्या मुलाला आता आठवे वर्ष लागले आहे. दरवर्षी दगड उचलण्यापूर्वी तो काठीने हलवून पाहण्याची आठवण तोच आम्हाला करून देतो.