हेगेल डोक्यावरून जातोय?

पहिलं पान वाचलं, काही कळलं नाही. पुन्हा वाचलं, तर ओळखीचे शब्दही अनोळखी वाटायला लागले. हेगेलचं ‘सायन्स ऑफ लॉजिक’ हातात घेणाऱ्या बहुतेकांची हीच गत होते. तेव्हा आधी स्वतःला ‘ढ’ म्हणणं थांबवा. १८१२ ते १८१६ दरम्यान तीन भागांत आलेला, द्वंद्वात्मक तर्कशास्त्राचा हा मूळ ग्रंथ सोबतीला भाष्य घेऊनच वाचावा. त्यात कमीपणा कसला? मराठी माणसापर्यंत गीता पोचली तीही ज्ञानेश्वरीतूनच! पण मूळ ग्रंथच कळलेला नसताना चांगलं भाष्य ओळखायचं कसं?

त्यासाठी ग्रंथाची सुरुवातच कसोटी म्हणून वापरा. हेगेल म्हणतो, ‘असणं’ या कल्पनेतून सगळे तपशील काढून टाका. लाल आहे, मोठं आहे, काही नको, नुसतं ‘आहे’. मग हातात काय उरतं? काहीच नाही! निव्वळ ‘असणं’ विचारात धरायला जावं, तर ते ‘नसण्या’त सरकलेलं असतं आणि ‘नसणं’ पुन्हा ‘असण्या’त. हे सरकणं म्हणजेच ‘होणं’.

आता भाष्यात हीच जागा काढा. हे सरकणं का घडतं, ते पायरीपायरीने दाखवलंय का? की ‘वाद, प्रतिवाद, संवाद’ असं सूत्र लिहून लेखक पुढे पळालाय? पळाला असेल, तर पुस्तक परत ठेवा. हे सूत्र हेगेलच्या नावावर खपतं, पण तो स्वतः आपली पद्धत अशी मांडत नाही.

या कसोटीला उतरणारी पुस्तकं आहेत. स्टीफन हौलगेट यांचं ‘द ओपनिंग ऑफ हेगेल्स लॉजिक’ (२००६) फक्त सुरुवातीचा भाग घेतं, पण सावकाश उलगडतं. डेव्हिड ग्रे कार्लसन हे कायद्याचे प्राध्यापक. त्यांचं २००७ चं भाष्य आकृत्या काढून पूर्ण ग्रंथ समजावतं. मॅकटॅगर्टचं १९१० चं भाष्य जुनं आहे, पण हेगेलची पायरी पटली नाही तर तो तसं स्पष्ट सांगतो. शिवाय खुद्द हेगेलने वर्गात शिकवायला आपलं तर्कशास्त्र थोडक्यात लिहिलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर त्यात विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून स्पष्टीकरणं जोडली गेली. थोडक्यात काय, क्लासच्या नोट्स! तिथून सुरुवात करायलाही हरकत नाही.

एक धोका मात्र मी स्वतः अनुभवलाय. एका अभ्यासगटात मी हेगेलवर झाडून वीस मिनिटं बोललो. मग कुणीतरी विचारलं, ‘‘हे ग्रंथात कुठे आहे?’’ मला सांगता येईना. मी फक्त भाष्यच वाचलं होतं. दुसऱ्याचं मत माझं म्हणून मिरवत होतो.

म्हणून एक परिच्छेद आधी मूळ ग्रंथातला वाचा, मग भाष्यातला, मग पुन्हा मूळ. जमलं तर दोन भाष्यं ठेवा; त्यांचं जिथे पटत नाही, तिथे नीट थांबा. आणि वही ठेवाच. १९१४ मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, लेनिन बर्नमध्ये हाच ग्रंथ वाचत होता. उतारे उतरवून घेत होता, समासात होकार, नकार, शेरे लिहीत होता. आज रात्री तुम्ही एकच परिच्छेद घ्या. कळला नाही, तर नेमकं कुठे अडलं तेवढं वहीत लिहून ठेवा. भाष्य उघडताना तोच प्रश्न घेऊन उघडा.