घोडा, पूर आणि पंचनामा

जुलै 2022 मध्ये इरई धरणाचे दरवाजे उघडले आणि चंद्रपुरात रहमतनगरच्या वस्तीत पाणी शिरले. गडचिरोलीत पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागडची वाट बंद. टांगे मागे पडले, पण वरातीचे घोडे पाळणारे आपले व्यावसायिक बंधू आहेत आणि त्यांचे सारे भांडवल एका दाव्याला बांधलेले असते.

पाणी वाढतेय असे कळताच दिवसाउजेडी जनावर उंचावर न्यावे. वेळच उरला नाही तर निदान दावे सोडावे. बांधलेल्या घोड्याला पोहताही येत नाही. पुराच्या चिखलात खिळा-पत्रा लागतोच आणि घोड्याला धनुर्वात चटकन होतो, म्हणून लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी. बुरशी आलेला चारा फेकलेलाच बरा.

भरपाईचे आम्ही मुद्दाम सांगतो. 2022 ते 2026 या काळाच्या सरकारी निकषांत दगावलेल्या कामाच्या घोड्यामागे 32,000 रुपये, तट्टू वा खेचरामागे 20,000 रुपये ठरले. मात्र पुरावा हवा. दुर्गंधीच्या भीतीने आपण घाईने पुरून टाकतो, मग पंचनामा कशाचा करणार? आधी तलाठी व पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. घोड्याचा मालकासह फोटो आणि लसीची चिठ्ठी आजच प्लास्टिकच्या पिशवीत घालून नातेवाइकाकडे उंचावरच्या घरी ठेवावी.