चांगला नर कुणी राखायचा?

गावाकडे ज्याच्या घरी दोन-चार शेळ्या आहेत, त्याला हा प्रसंग नवा नाही. जून तोंडावर आलेला असतो. पोरांची वह्या-पुस्तके घ्यायची असतात, छपरावरचा पत्रा बदलायचा असतो, दुकानदाराची उधारी थकलेली असते. अशा वेळी व्यापारी वस्तीत येतो, शेळ्यांवरून एक नजर फिरवतो आणि नेमका तोच बोकड धरतो, जो सगळ्यांत उंच आणि अंगाने भरलेला.

"मावशी, याचं बोला."

मावशी दुसऱ्याकडे बोट दाखवते. "त्यो घेऊन जा की, भाऊ." पण व्यापाऱ्याला तो नको असतो. घासाघीस होते, नोटा मोजल्या जातात आणि चांगला बोकड जातो. आपण नवस-सायास सोडले, तरी बोकडाचा भाव जत्रेवर आणि ईदवरच ठरतो, त्यामुळे गिऱ्हाईक नेहमी उठावदार जनावरालाच असते. मागे राहतो तो मरतुकडा, ज्याला कुणी विचारत नाही. पुढच्या हंगामात साऱ्या वस्तीच्या शेळ्या फळतात त्या याच मरतुकड्यापासून. मग करडे हलकी का निपजतात, म्हणून आपण कपाळाला हात लावतो.

यात मावशीचा दोष काय? चांगला नर राखायचा तर दीड-दोन वर्षे त्याला खाऊ घाला, हातचा पैसा सोडा. आणि फायदा कुणाचा? चराईला सगळ्यांच्या शेळ्या एकत्र, तेव्हा साऱ्या वस्तीचा! एकटीने तोटा सोसायचा आणि नफा दहा घरांत वाटायचा, हा सौदा गरिबाला परवडत नाही.

हीच अडचण आफ्रिकेतील इथिओपिया देशाच्या लहान शेतकऱ्यांची होती. तिथे मेंढीवर संसाराची मोठी भिस्त. वेळ पडली की मेंढा विकायचा, आणि तोही चांगला तोच. सरकारने पूर्वी उपाय केले नाहीत असे नाही. कॉरिडेल, हॅम्पशायर, अवासी अशा परदेशी जातींचे मेंढे आणले, सरकारी केंद्रांवर संकर केले, तयार झालेले नर वाटले. पण वाटायला नर थोडे, आणि शेतकऱ्याला काय हवे ते कुणी विचारलेच नव्हते. तिथल्या मेंढीची शेपटी चरबीने जाड असते. शेपटी जाड नसेल तर बाजारात तिला मान नाही. बऱ्याच संकरित मेंढ्यांना तशी शेपटीच नव्हती! शेतकऱ्यांनी पाठ फिरवली.

२००९ साली वेगळी वाट धरली गेली. इकार्डा आणि इल्री या दोन आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, व्हिएन्नाचे कृषी विद्यापीठ आणि इथिओपियाची स्वतःची संशोधन केंद्रे एकत्र आली. बाहेरून जात आणायची नाही, आहे तीच सुधारायची, असे ठरले. थंड डोंगरपठारावरची मेंझ, पश्चिमेकडची होरो, नैऋत्येला कॉफीच्या मुलखातली बोंगा आणि उष्ण प्रदेशातली अफार, अशा चार जाती निवडल्या.

सुरुवात कशी केली, ते मला सर्वांत आवडले. शास्त्रज्ञ शेतकऱ्याच्या गोठ्यात गेले आणि म्हणाले, तुमच्या कळपातली पहिल्या नंबरची मेंढी दाखवा. मग दुसऱ्या, तिसऱ्या नंबरची, आणि सगळ्यांत वाईटही दाखवा. प्रत्येक वेळी विचारले, का? उत्तरे लिहून घेतली. ही लवकर लवकर विते. हिला जुळी होतात. ही पिल्लाला टाकत नाही, माया करते. नराबद्दल विचारले तेव्हा अंगलट, शेपटी आणि रंग पुढे आला. काळ्या रंगाला बाजारात भाव कमी, म्हणून काळा नर नको. शास्त्रज्ञांनी वजनच धरले असते, तर रंगाची गोष्ट कागदावर आलीच नसती. आपल्याकडेही कोणत्या शेळीने किती वेतांत किती करडे दिली, कोणतीचे दूध पिल्लांना पुरले नाही, हे घरच्या बाईला तोंडपाठ असते. ते आजवर कुणी वहीत उतरवून घेतले, हा प्रश्नच आहे.

मग नोंदी सुरू झाल्या. प्रत्येक कोकराच्या कानात बिल्ला. त्याची आई कोण, जन्म कधी, जन्मताना वजन किती, सहा महिन्यांनी किती. नोंद घेणारा माणूस गावातलाच. संशोधन केंद्रात या आकड्यांवरून कोणता नर पुढच्या पिढीला चांगला ठरेल, याचा हिशेब निघतो. पण शेवटचा शब्द केंद्राचा नाही. समजा गावाला १५ मेंढे हवेत, तर हिशेबाने साधारण २० पुढे काढले जातात. ठरलेल्या दिवशी ते एका ठिकाणी बांधतात. गावाने निवडलेली तीन ते पाच जणांची समिती त्यांचे पाय, पाठ, शेपटी, रंग तपासते आणि त्यातले १५ ठरवते. नाकारलेले नर खच्ची करून पोसतात आणि विकतात.

आता मघाच्या मावशीचा प्रश्न: निवडलेला मेंढा ज्याचा आहे, त्याला पैशाची नड असली तर? त्यासाठी गावाचा एक फिरता निधी असतो. त्यातून मेंढा विकत घेतला जातो, म्हणजे मालकाला पैसा मिळतो आणि नर गावातच राहतो. शेजार-शेजारच्या घरांचे गट करून तो वापरायचा, आणि त्याच्या लेकी वयात येण्याआधी दुसऱ्या गटाकडे द्यायचा. नाहीतर बापापासूनच लेकी फळतात आणि पिल्ले दुबळी होतात. पुढे या गटांच्या रीतसर सहकारी संस्था झाल्या. बोंगाच्या संस्थांनी तर दुसऱ्या भागांना पैदाशीचे मेंढे विकून भांडवल उभे केले. जो नर पूर्वी खाटकाच्या दावणीला जात असे, तोच आता पैदाशीच्या भावाने जाऊ लागला.

फळ काय मिळाले? सहा महिन्यांच्या कोकराचे वजन बोंगात वर्षाला सुमारे २१० ग्रॅम, होरोत १८० ग्रॅम आणि मेंझमध्ये ११० ग्रॅम वाढत गेले. वाचणारा हसेल. पावशेरसुद्धा नाही! पण खुराक बंद केला की खुराकाचा गुण जातो. रक्तात आलेला गुण पिल्लांत उतरतो, त्यावर पुढच्या वर्षीची भर पडते. शिवाय खरा नफा एकट्या वजनातून आलाच नाही. पिल्ले जास्त झाली, वाढली बरी आणि मेली कमी, या सगळ्यांचा मिळून तो होता.

सगळे गोड आहे असे नव्हे. बिल्ले, वजनकाटा, नोंदी ठेवणाऱ्याचा पगार याला पैसा लागतो आणि प्रकल्पाचा पैसा कधीतरी संपतो. सरकारने हात दिला नाही तर काम रखडते. चाऱ्याचा प्रश्नही आहेच. नर कितीही चांगला असो, पोटाला नसेल तर पिल्लू वाढणार कसे? आपल्या गायरानांवर एकेक कुंपण पडत चालले आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या निघाल्या. मराठवाड्याची काळी उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी नावाजलेली आहे, आणि ती भूमिहीनाच्या दारातही दिसते. सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गावातल्या उस्मानाबादी शेळ्यांच्या नोंदी ठेवण्याचे काम केलेले आहे. म्हणजे हे आपल्या मातीला अगदीच परके नाही.

हिशेब करून पाहा. एका तयार बोकडाला साधारण २५ ते ३० शेळ्या पुरतात. वस्तीत दहा घरे आणि घरटी तीन शेळ्या धरल्या तर एकच बोकड राखायचा आहे. व्यापारी जी रक्कम मावशीच्या हातावर ठेवतो, ती दहा घरांत वाटली तर एका घराच्या वाट्याला दहावा हिस्सा येतो. ती रक्कम जूनच्या आधी जमलेली हवी, कारण व्यापारी जूनमध्ये येतो. एक वही, एक ताणकाटा. चाऱ्याची पाळी ठरवून घ्यायची, आणि दीड-दोन वर्षांनी शेजारच्या गावच्या बोकडाशी अदलाबदल करायची. बोकड कोणता राखायचा, हे मात्र आधी मावशीला विचारायचे.