क्यार किनाऱ्याला लागलं नाही, म्हणून?

“क्यार? ते आलंच कुठे? ओमानला गेलं की!” २०१९ च्या दिवाळीतल्या त्या चक्रीवादळाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. त्यामागोमाग दुसरं येतं, की हवामान खात्याने उगाच घाबरवलं होतं. शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही हेच ऐकलं की खरोखर चीड येते.

मुळात क्यार ओमानलाही गेलं नाही. २५ ऑक्टोबरला ते रत्नागिरीच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर होतं. २७ तारखेला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते ‘सुपर सायक्लोन’ झालं. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात एवढं तीव्र वादळ झालेलं नव्हतं. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरपर्यंत पोचला. ओमानच्या रोखाने जाता जाता ते नैर्ऋत्येकडे वळलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोमालियाजवळच्या समुद्रात विरलं. जमिनीला ते कुठेच लागलं नाही.

तरी कोकणातलं भात गेलं. वादळ म्हणजे नकाशावरचा तो फिरता ठिपका नव्हे. त्याचे ढग मध्यापासून शेकडो किलोमीटर पसरलेले असतात आणि ते समुद्रावरचं बाष्प ओढून किनाऱ्यावर, घाटावर ओततात. ऑक्टोबरअखेर म्हणजे कापणीचे दिवस. उभं पीक आडवं झालं. कापून वाळत टाकलेलं भात खाचरातल्या पाण्यात भिजत पडलं आणि लोंब्यांतल्या दाण्यांना कोंब फुटले. असं भात ना मळता येतं ना विकता येतं, आणि भिजून कुजलेला पेंढा गुरंही खात नाहीत.

यावर उत्तर मिळतं, “तो परतीचा पाऊस होता.” नव्हता. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षी मोसमी पाऊस १६ ऑक्टोबरलाच संपूर्ण देशातून परतला होता. राज्य सरकारनेही नुकसानभरपाईच्या आदेशात अवेळी पावसाचं कारण म्हणून क्यार आणि महा या दोन्ही वादळांची नावं घातली. खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये, बहुवार्षिक फळपिकांना १८,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. जे वादळ ‘आलंच नाही’, त्याच्या नावाने पंचनामे झाले आहेत.

समुद्राची बाजू तर कुणी विचारातच घेत नाही. वादळाने उठवलेल्या लाटा वादळापासून सुटून शेकडो मैल पुढे जातात. वर आभाळ स्वच्छ असलं तरी त्या येऊन आदळतात. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीची पातळी आधीच चढलेली, त्यावर या लाटा. मालवणकडे देवबागसारख्या वस्त्यांत पाणी शिरलं ते यामुळेच. इतकंच काय, कराचीच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांतही समुद्र घुसला, आणि क्यार तिथून कितीतरी दूर होतं. देवगड बंदरात परराज्यांतल्या नौकाही आसऱ्याला आल्या होत्या. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांना वादळ ‘आलं’ की नाही, हे विचारावं लागत नाही.

‘अंदाज फसला’ ही तक्रार त्याच वर्षीच्या वायू वादळाबद्दलही होते. जूनमध्ये गुजरातेत सुमारे तीन लाख लोक हलवले गेले आणि वादळ किनाऱ्याजवळून समुद्रात वळलं. पण किनाऱ्याला घासून जाणाऱ्या वादळाची वाट शंभर किलोमीटरने इकडेतिकडे झाली तर गावंच्या गावं सापडतात. अशा वेळी माणसं हलवायचीच असतात. मे महिन्यात फनी पुरीजवळ धडकलं तेव्हा ओडिशाने दहा लाखांहून जास्त लोक आधीच हलवले होते, म्हणून हजारो जीव वाचले. तेव्हा कुणी ‘उगाच’ म्हटलं नाही.

बाकीचे समज थोडक्यात. अरबी समुद्रात वादळं होत नाहीत, ती बंगालच्या उपसागरातच होतात: २०१९ साली उत्तर हिंदी महासागरातल्या आठ चक्रीवादळांपैकी पाच अरबी समुद्रात झाली, वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. एरवी सरासरी वर्षाला एकाच्या आसपास. एका समुद्रात एका वेळी एकच वादळ असतं: क्यार आणि महा एकाच वेळी अरबी समुद्रात होती.

हे सगळं तापमानवाढीमुळे, किंवा तापमानवाढीचा काहीच संबंध नाही: दोन्ही टोकं चूक. त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिमेचं पाणी पूर्वेच्या मानाने फार तापलं होतं. याला धन द्विध्रुव म्हणतात, आणि २०१९ चा द्विध्रुव नोंदींतल्या सर्वांत तीव्र द्विध्रुवांपैकी होता. तो दरवर्षी नसतो. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा २००१ नंतरच्या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली होती.