त्रैक्य आणि मागाहून आलेली एक ओळ

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी चांगलीच फजिती झाली. रिव्ह्यू पेपरमधला एक संदर्भ मी तसाच उचलला होता. गाईडनी मूळ पेपर उघडायला लावला, तर त्यात तसं काही नव्हतंच! तेव्हापासून ज्युनियर्सना मी एक उदाहरण सांगते. ते आपल्या लॅबमधलं नाही, बायबलच्या अभ्यासातलं आहे.

ख्रिस्ती धर्माचा त्रैक्य सिद्धांत थोडक्यात असा: देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींमध्ये. तिघे वेगळे, तरी देव तीन नाहीत. 'त्रैक्य' हा शब्द मात्र बायबलमध्ये कुठेच नाही. सिद्धांताची मांडणी पक्की झाली ती इ.स. ३२५ ची निकेया आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल या धर्मपरिषदांमधून.

मग बायबलचा आधार कोणता? अनुवाद ६:४ म्हणतं, परमेश्वर एकच. योहान १:१ 'शब्दा'ला देव म्हणतं. मत्तय २८:१९ मध्ये तिघांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगितलंय, आणि तिथे 'नाव' एकवचनी आहे. २ करिंथकर १३:१४ मध्ये तिघांचा एकत्र उल्लेख येतो. म्हणजे हा निष्कर्ष अनेक वचनं शेजारी ठेवून काढलेला आहे. हीच वचनं वेगळ्या रीतीने वाचणारेही होते. एरियसशी झालेला वाद त्यातूनच पेटला.

आता ती ओळ. १ योहान ५:७ मध्ये, १६११ च्या किंग जेम्स बायबलनुसार, स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत आणि ते तिघे एक आहेत. एका वाक्यात सगळा सिद्धांत! पण चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या हस्तलिखितांत ही ओळ नाही. निकेयाच्या काळातल्या ग्रीक वादांत ती कुणी पुढे केली नाही; हातात असती तर सोडली असती का? ती आली लॅटिन परंपरेतून, बहुधा आधी स्पष्टीकरण म्हणून.

इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ती घेतली नव्हती. टीका झाली, ओळ असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं आणि १५२२ मध्ये त्याने ती छापली. इथे एक किस्सा हमखास सांगतात: 'एक तरी हस्तलिखित दाखवा, ओळ घालतो,' असं वचन त्याने दिलं होतं म्हणे. १९८० मध्ये डी याँग या अभ्यासकाने इरॅस्मसचं मूळ लेखन तपासून दाखवलं की अशा वचनाला आधार नाही. किस्सा पाठ्यपुस्तकातही होता! ब्रूस मेट्झगरने आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत तशी दुरुस्ती नोंदवली.

यातून आपण काय घ्यायचं?

एक, कच्चा पुरावा काढला म्हणून दावा आपोआप कोसळत नाही. आजची बहुतेक भाषांतरं ही ओळ वगळतात किंवा तळटीपेत टाकतात, आणि त्रैक्य मानणारे बाकीच्या वचनांवर उभे आहेत. ते पुरेसे आहेत का, हा वेगळा, खरा प्रश्न.

दोन, सोयीचा पुरावा आधी तपासा. तो आपल्याला हवा असतो, म्हणूनच नजरेतून सुटतो.

तीन, चूक दाखवणाऱ्याचा किस्साही तपासा.

थीसिसमधला प्रत्येक संदर्भ लिहिण्याआधी मूळ पेपर एकदा उघडाच. माझ्यासारखं गाईडसमोर उघडायची वेळ येऊ देऊ नका.