तुलना करावी, परंतु कोणत्या सेतूवरून?

जानुगत संधिवातावरील दोन औषधांची माहितीपत्रके वैद्याच्या मेजावर येतात. एकावर ‘सत्तर टक्के रुग्णांना उपशय’, दुसऱ्यावर ‘साठ टक्के’. पहिले औषध श्रेष्ठ, असे आपण सहज मानतो व तेच मागवितो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

अमेरिकेतील ‘गेट’ हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुडघेदुखीचे १,५८३ रुग्ण होते. सेलेकॉक्सिब घेणाऱ्यांपैकी ७०.१ टक्के रुग्णांची वेदना किमान पंचमांशाने उणावली. औषधरहित गोळी घेणाऱ्यांतही हे प्रमाण ६०.१ टक्के निघाले. सुटी टक्केवारी किती फसवी असते, हे यावरून ध्यानी यावे.

दोन औषधे समोरासमोर तपासलेली नसल्यास तिसऱ्या, उभय अभ्यासांत समान असलेल्या औषधाचा सेतू करून अप्रत्यक्ष तुलना करता येते. १९९७ साली मांडलेल्या रीतीनुसार टक्केवारी नव्हे, तर त्या समान औषधाशी असलेले फरक ताडावयाचे असतात. तरीही सावधगिरी हवीच. त्याच लेखात एचआयव्हीबाधितांमधील न्यूमोनिया टाळणाऱ्या दोन उपचारांचे शक्यता-गुणोत्तर प्रत्यक्ष तुलनेत ०.६४, तर अप्रत्यक्ष तुलनेत ०.३७ आले, म्हणजे लाभ फुगून दिसला. २०११ सालच्या एका पाहणीत ११२ पैकी १६ ठिकाणी दोहोंत लक्षणीय विसंगती आढळली.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. शुंठी, गुडूची इत्यादींच्या कल्पांची ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी प्रत्यक्ष तुलना करणारा, ४४० रुग्णांचा, २४ आठवड्यांचा भारतीय अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. परिणाम समतुल्य ठरले. मात्र त्यात औषधरहित गट नव्हता. ती उणीव ‘गेट’च्या आकड्यांनी भरून काढण्याचा मोह होईल. परंतु येथील ग्लुकोसामाइन सल्फेट, तेथील हायड्रोक्लोराइड. नाम एक, द्रव्य भिन्न. सेलेकॉक्सिबची मात्रा दोन्हीकडे दररोज २०० मिलिग्रॅम असल्याने तो सेतू अधिक भक्कम. तथापि रुग्णांचे देश, वय, बल व व्याधीची अवस्था जुळल्याखेरीज त्यावरही विसंबू नये. हे आयुर्वेदाच्या अभ्यासकास वेगळे सांगणे न लगे.

म्हणून औषधालयांच्या चालकांना आमची विनंती, की माहितीपत्रकात तुलनेचे औषध, मात्रा व कालावधी अवश्य छापावा. वैद्यवर्गाने तीन प्रश्न विचारावेत: सेतू खरोखर एकच आहे काय? रुग्ण समान आहेत काय? उपशयाचे मोजमाप एकच आहे काय? उत्तर न मिळाल्यास श्रेष्ठत्वाचा दावा रुग्णापुढे मांडू नये. रुग्णाने टाकलेला विश्वास हीच आपल्या व्यवसायाची खरी पुंजी होय.